कूवमच्या वाळूतलं पाणी

वैरागहून निघालो तेव्हा पावसाने चांगलीच ओढ दिली होती. भोगावतीच्या पात्रात बायका झिरे उकरून बसल्या होत्या. झिरा म्हणजे वाळूत केलेला खड्डा. त्यात पाझरेल तेवढं पाणी वाटीवाटीने हंड्यात भरायचं. अशा दिवसांत आमची आई मला पुराची भीती घालत होती.

"कुसुमला धारेपाशी जाऊ देऊ नकोस. मोठ्या नद्या त्या. पाय सरकला की गेलं माणूस."

कुसुम माझी धाकटी बहीण. आदल्या वर्षी तिचं लग्न मद्रासच्या एका तंजावरी मराठी घरात झालं. ही मंडळी दोनअडीचशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या राज्याबरोबर कावेरीकाठी गेली आणि तिथलीच झाली. त्यांच्याकडे तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमाराला, बायका नदीच्या पुराची पूजा करतात. नव्या सुनेचा पहिला सण, मंगळसूत्राची दोरी नदीच्या साक्षीने बदलायची, तेव्हा माहेरची साडी घेऊन भावाने यावं, असा निरोप आला होता. आईने ट्रंकेत साडीचोळी ठेवली आणि वर देवघरातल्या निर्माल्याची पुडी ठेवली. "वाटेत कृष्णा लागेल. तिच्यात सोड. इथं कुठाय पाणी?"

बार्शीहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी गाठलं आणि मद्रास मेल धरली. दुपारी रायचूरच्या अलीकडे कृष्णेचा पूल आला. पाणी तांबडं आणि पात्रभर होतं. डब्यातल्या सगळ्या माणसांनी हात जोडले. मी आईची पुडी खिडकीतून सोडली. ती पाण्यापर्यंत पोचली की पुलाच्या लोखंडात अडकली ते दिसलं नाही, पण काम झाल्यासारखं वाटलं. त्यानंतर अंधार पडेपर्यंत खडक, निवडुंग आणि कोरडे ओढे. पुलावरच्या पाट्यांवर नद्यांची नावं होती, खाली शेळ्या चरत होत्या. भूगोलाच्या तासाला मी मुलांना नकाशावर निळ्या रेघा काढायला लावतो. त्या रेघांना आता निळा रंग द्यावा की नाही, असा प्रश्न पडला.

मद्रासची पहिली ओळख डोळ्यांना झाली नाही, नाकाला झाली. सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलो आणि कुजल्यासारखा, दाट वास अंगावर आला. घ्यायला आलेले वासुदेवराव, म्हणजे कुसुमचे यजमान, माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "ही आमची कूवम. नदी आहे. चार दिवसांत वास येईनासा होतो."

"नाहीसा होतो?"

"नाही. येईनासा होतो."

वासुदेवराव नुंगंबाक्कमच्या एका कचेरीत कारकून. बोलणं मोजकं, धोतर पांढरंशुभ्र. घर चिंताद्रिपेटेत, तिन्ही बाजूंनी त्याच नदीने वळसा घातलेल्या वस्तीत. पुढे ओटा, मधे चौक, चौकात एक नळ. तो नळ गळका होता. मी राहिलो तेवढे दिवस त्याची टिपटिप माझ्या डोक्यात बसली होती. दुष्काळी मुलखातल्या माणसाला असा नळ म्हणजे शिक्षाच.

कुसुमच्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. ठेंगणा बांधा, नऊवारीसारखंच पण जरा निराळ्या वळणाचं लुगडं, नाकात दोन्ही बाजूंनी चमक्या. पितळी पेल्यातली कॉफी माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "यो, बस. येणें बेस जालें. घरीं अस्के बेस की?" (अस्के म्हणजे सगळे.) हे मराठी ऐकून मला जुन्या पोथीतलं माणूस उठून बोलतंय असं वाटलं. पुढच्याच वाक्यात मात्र चार तमिळ शब्द आले आणि मी कुसुमकडे बघत राहिलो. बहीण वर्षभरात तरबेज झाली होती.

घरात एक तिढा पडला होता तो जेवताना कळला. अक्का मद्रासला लग्न होऊन आल्या त्याला उभा जन्म झाला, पण आडीच्या अठराव्याला त्या दरवर्षी न चुकता तंजावरला, कावेरीवर जात. यंदा डॉक्टरांनी छाती तपासून लांबचा प्रवास बंद केला. वासुदेवराव म्हणाले, चौकात नळ आहे, त्याची पूजा करा. शहरात पुष्कळ घरी तसंच करतात.

अक्कांनी हातातलं वाढणं खाली ठेवलं. "नळास का ओटी भरतात? आडींत नदी गर्भार असते. तिचे डोहाळे पुरवायाचे. नळास कसले डोहाळे?"

"मग काय करायचं अम्मा?"

"वाहतें पाणी दाखव मज. ह्या गांवीं एवढी नदी आहे. येथें घाण जाली, मान्य. वरतीं तर शुद्ध असेल? माझ्या हातें हिची दोरी वाहत्या पाण्यासमोर बांधीन, मग पुढलें ही पाहील."

शेवटचं वाक्य त्या कुसुमकडे न बघता बोलल्या. आपल्यामागे हा सण टिकतो की इथेच संपतो, हे त्यांना ह्या एका दिवसावर ठरवायचं होतं. कुसुमने मान खाली घातली. मला वासुदेवरावांचा राग आला. नळ दाखवणं सोपं होतं.

संध्याकाळी मी एकटाच पुलावर गेलो. पाणी काळं होतं आणि उभं होतं. कुठून कुठे जातंय ते कळेना, म्हणून मी कठड्यावरची एक वाळकी काडी टाकली. ती पडली तिथेच राहिली. दोन्ही काठांना गटारांची तोंडं उघडी होती. वर बुडबुडे येऊन फुटत होते. आमच्याकडे घाणेरड्या डबक्यातसुद्धा बेडूक ओरडतो. इथे तिन्हीसांजेला एक आवाज नव्हता. शेजारी एक म्हातारे गृहस्थ कठड्याला टेकून उभे होते. मी परका आहे हे ओळखून ते इंग्रजीत बोलू लागले. त्यांच्या लहानपणी ह्याच पुलाखाली ते आंघोळ करत, मासे पायांना चावत. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा बांध धरतो, नदीत जोर नसला की तो फुटत नाही आणि मग भरतीचं पाणीही आत येत नाही, असं त्यांनी सांगितलं.

"जोर का नसतो?" मी विचारलं.

"वरून पाणी येईल तर जोर येईल," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

अठराव्या दिवशी पहाटे आम्ही चौघं निघालो. अक्कांनी चित्रान्नं केली होती : नारळाचा भात, लिंबाचा भात, चिंचेचा भात, दहीभात. वेताच्या टोपलीत हळदकुंकू, फुलं, काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं आणि काप्परिसी (गुळात कालवलेले भिजवलेले तांदूळ). हे सगळं नदीला अर्पण करायचं. केळीच्या सोपट्यावर दिवा ठेवून तो धारेत सोडायचा. टोपली त्यांनी कोणाला धरू दिली नाही.

पॅसेंजर गाडीने कडंबत्तूरला उतरलो आणि बैलगाडी ठरवली. जायचं होतं कूवम नावाच्याच गावी. नदीला नाव ह्या गावावरून पडलं. रस्ता ताडांच्या रांगांतून जात होता. डाव्या हाताला मोठं तळं होतं, निम्मं आटलेलं, आणि त्याच्या चिखलात बगळे. अक्कांचा चेहरा खुलत चालला होता. त्यांनी कुसुमला कावेरीच्या पुराच्या गोष्टी सांगितल्या. लहानपणी पायऱ्या बुडायच्या, तांबडं पाणी नारळ वाहून आणायचं, पोरं ते धरायला उड्या टाकायची. कुसुम हसत होती. मला आईचं बजावणं आठवलं आणि मी उगाचच तिच्या बाजूला सरकून बसलो.

मग गाडी एका चढावर आली आणि गाडीवानाने कासरा ओढला. "आरु," तो म्हणाला. नदी.

समोर वाळू होती. ह्या काठापासून त्या काठापर्यंत पांढरी, कोरडी, उन्हाने तापलेली वाळू. कडेला केवड्याची दाट बेटं, मधे बैलगाड्यांच्या चाकांचे खोल चरे. दोन गाड्यांत माणसं फावड्याने वाळू भरत होती. ती शहराकडे बांधकामाला जाणार होती.

अक्का गाडीतून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि वळून मुलाला म्हणाल्या, "पूर कोठें आहे?"

वासुदेवरावांनी गाडीवानाला तेच तमिळमध्ये विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. आडीत कसला पूर? इकडचा पाऊस आपल्या दिवाळीच्या पुढेमागे. नदी वाहिली तर तेव्हा वाहते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. कावेरीला आडीत पूर येतो तो पश्चिमेच्या डोंगरातल्या पावसाने. इथल्या नदीचा त्या डोंगरांशी काही संबंध नाही. तिचा पाऊस समुद्राकडून, महिने उलटल्यावर येतो. अक्का दर आडीत तंजावरला असत, म्हणून त्यांनी ही नदी आडीत कधी पाहिलीच नव्हती. कावेरीचं पंचांग त्यांनी सगळ्या नद्यांना लावलं होतं. त्यांचं एक ठीक; पण ईशान्येचा मोसमी पाऊस फळ्यावर बाण काढून शिकवणारा मास्तर सोबत होता आणि त्यालाही हे सुचलं नव्हतं.

गाडीवान आणखी बोलत होता. वासुदेवराव आम्हाला थोडक्यात सांगत गेले. पाऊस झाला तरी पाणी खाली जातंच असं नाही. वाटेत बंधारे आहेत, तिथून ते तलावांकडे वळवतात. शेजारच्या मोठ्या नदीचंही तसंच, तिचं पाणी अडवून रेड हिल्सच्या तलावात नेतात. आणि तिथून ते पट्टणमला (मद्रासला) नळाने जातं.

"म्हणजे आपल्या चौकांत," अक्का म्हणाल्या.

"होय अम्मा."

मी पुलावरची ती न हललेली काडी आठवत उभा होतो. शहर नदीला वरच्या अंगाला पिऊन घेतं आणि खालच्या अंगाला जे परत करतं त्याला नदीचं नाव ठेवतं. त्यात पाणी तेवढं नदीचं नसतं. मला त्या क्षणी फार उदास वाटलं. अक्का तर टोपली मांडीवर घेऊन काठावरच्या दगडावर बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की त्या रडू आवरत होत्या, मला सांगता येणार नाही.

कुसुमनेच ते पाहिलं. "दादा, झिरा!"

पात्राच्या पलीकडच्या अंगाला, वाळू भरणाऱ्यांपासून दूर, एक बाई वाकून नारळाच्या करवंटीने काही उपसत होती. आमच्या गावच्या बायका बसतात तशीच बसली होती. कुसुम चपला हातात घेऊन वाळूतून चालू लागली, मागे आम्ही. अक्का माझ्या खांद्याला धरून आल्या.

खड्डा कमरेएवढा खोल होता. कड ढासळू नये म्हणून वाळलेल्या केवड्याच्या पानांची वेटोळी बसवली होती. तळाशी परातीएवढं पाणी, इतकं नितळ की खालचे वाळूचे कण हलताना दिसत होते. कडेला एक बेडूक बसला होता, आम्हाला बघून तो पाण्यात गेला. ह्याला इकडे ऊट्रु म्हणतात (म्हणजे आपला झिराच). बाईचं नाव पोन्नम्मा. हा खड्डा तिच्या घरच्यांचा आणि आणखी काही घरांचा. पूर्वी गुडघाभर उकरलं की पाणी लागायचं, ती सांगत होती. वाळूच्या गाड्या सुरू झाल्यापासून ते खोल चाललंय.

अक्का वाकून बघत होत्या. "हलतें आहे," त्या म्हणाल्या. "पाहा, खालून हलतें आहे. वाहतें पाणीच की हें."

त्यांनी लगबगीने पदर खोचला आणि टोपलीवरचं फडकं काढलं. हळदकुंकवाचे करंडे, फुलं, काळे मणी बाहेर आले. पोन्नम्मा करवंटी हातात तशीच धरून उभी राहिली. अक्कांनी चिमूटभर हळद घेऊन हात खड्ड्यावर नेला, तेव्हा ती पुढे झाली. तिने अक्कांचा हात धरला नाही, फक्त आपला हात मधे आणला.

"तण्णीले एदुम पोडादींग, अम्मा. कुडिक्कर तण्णी."

वासुदेवरावांनी मान वळवली. कुसुम हळूच मला म्हणाली, "पाण्यात काही टाकू नका म्हणते. पिण्याचं पाणी आहे."

पूजा अडवली होती. तीही सणाच्या दिवशी, सवाष्णीच्या हातची. आमच्या आईचा हात कोणी असा अडवला असता तर काय झालं असतं ह्याची कल्पना करून मी वासुदेवरावांकडे पाहिलं. तेही पुढे व्हावं की नाही ह्या विचारात होते. अक्कांच्या चिमटीतली हळद वाऱ्याने थोडी उडाली. त्या पोन्नम्माकडे बघत होत्या. मग त्यांनी खाली पाण्याकडे बघितलं. बेडूक पुन्हा कडेला येऊन बसला होता.

"खरें आहे," अक्का म्हणाल्या. "गर्भारशीच्या तोंडांत कोणी माती घालतात काय?"

त्यांनी हळद परत करंड्यात टाकली. फुलं, मणी, कर्णफुलं, एकेक जिन्नस टोपलीत ठेवून वर फडकं घातलं. मग त्यांनी पोन्नम्माला तमिळमध्ये काही विचारलं. तिने करवंटीभर पाणी काढून दिलं. खड्ड्यापासून दहापाच पावलं दूर, केवड्याच्या सावलीत, अक्कांनी कुसुमला बसवलं. पिवळी दोरी त्या करवंटीतल्या पाण्यात बुडवली, मंत्र म्हटला आणि मंगळसूत्राचे मणी एकेक करून तीत ओवले. गाठ तीनदा मारली. उरलेलं पाणी त्यांनी फेकलं नाही. केवड्याच्या बुंध्याशी ओतलं.

मी आईची साडी बहिणीच्या मांडीवर ठेवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि, खोटं कशाला बोलू, माझ्याही.

मग सगळे भात उघडले. अक्कांनी पहिलं पान पोन्नम्मासाठी वाढलं. ती आधी नको नको म्हणाली. "नदीचे डोहाळे," अक्का म्हणाल्या, "तिच्या लेकीनें खाल्ले म्हणजे तीस पावले." हे वासुदेवरावांनी तमिळमध्ये सांगितलं तेव्हा पोन्नम्मा पहिल्यांदा हसली. चिंचेचा भात तिला आवडला. नारळाच्या भाताला मीठ कमी आहे, असं तिने स्पष्ट सांगितलं, आणि ते खरं होतं. पलीकडे वाळूची एक गाडी भरून निघून गेली, दुसरी आली. जेवताना आमची पाठ तिकडे होती, तरी फावड्यांचा आवाज येत राहिला.

परतताना टोपली माझ्याकडे होती. अक्का थकल्या होत्या. सेंट्रलला उतरलो तेव्हा मला वास आला आणि मला बरं वाटलं. म्हणजे अजून येत होता. घरी आल्यावर अक्कांनी टोपलीतली फुलं चौकातल्या तुळशीच्या आळ्यात पुरली. मग त्या गळक्या नळापाशी गेल्या आणि त्याच्या खाली तांब्याची कळशी ठेवली. मुलाला म्हणाल्या, "उद्यां माणूस बोलावून हा नीट कर. किती दुरून आणिलें आहे हें पाणी."

निघताना कुसुम ओट्यावर उभी होती. "पुढच्या आडीत कुठे जाणार?" मी विचारलं.

"तिकडेच," ती म्हणाली. "अक्का म्हणतात, मीठ नीट घालून जाऊ."

पोन्नम्माचा झिरा पुढच्या आडीत तिथे असेल का, हे मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर कृष्णा आली तेव्हा डब्यातल्या लोकांनी पुन्हा हात जोडले. कोणी पुडी सोडली, कोणी नारळ. मीही हात जोडले. मोठ्या नद्यांचं बरं असतं, त्या काही बोलत नाहीत.

वैरागला अजून पाऊस नव्हता. पाणी पिऊन होतंय तोच आईने विचारलं, "कुसुम धारेपाशी नाही ना गेली?"

"नाही. धारच नव्हती."

आईला ते नीट कळलं नाही. संध्याकाळी मी नदीकडे निघालो तर तिने नेहमीप्रमाणे निर्माल्याची पुडी हातात दिली. आमच्याकडे रीत अशी, की पात्रात पाणी नसलं तर पुडी वाळूत ठेवून द्यायची. पूर आला की तो नेतो. पात्रात झिऱ्यांवर बायका होत्याच. कुठे ठेवावी म्हणून मी जागा बघू लागलो. एका झिऱ्यापासून हातभर अंतरावर मागच्या कित्येक पुड्या पडल्या होत्या. झेंडू कुजून काळे पडले होते आणि त्यांचा ओघळ झिऱ्याच्या कडेपर्यंत गेला होता. त्यांतल्या एका पुडीला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची चिंधी होती.

मी ती पुडी उचलली. मग बाकीच्याही उचलल्या, उपरण्यात बांधल्या आणि घरी आणल्या. परसात पारिजातकाशी खड्डा खणू लागलो तशी आई बाहेर आली.

"हे काय, परत आणलंस? नदीला नाही द्यायचं?"

"ते पाणी पितात, आई."

तिने वाकून उपरण्यातल्या पुड्या पाहिल्या. आपली चिंधी तिने ओळखली असावी.

"खोल पूर," ती म्हणाली. "वरवर पुरलंस तर कुत्री उकरतील."

मी आणखी वीतभर खणलं.